शिराझ द्राक्ष आणि हृदयाचे 'औषध'

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे युसूफ वडगावातील एका निवृत्त गुरुजींचा मुलगा मला बोलवायला आला. गुरुजी घामाने डबडबलेले होते, जीभ अडखळत होती. तोंडाला वास येत होता, म्हणून घरच्यांनी 'चढली असेल, झोपू द्या' असे ठरवले होते. रक्तातील साखर तपासली तर अवघी 46! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते भानावर आले.

"डॉक्टरसाहेब, जावयाने नाशिकहून शिराझची बाटली आणली. हृदयाला चांगली म्हणून दोन पेले घेतले. साखरेची गोळी घेतली, पण जेवायचे राहिले," ते खाली मान घालून म्हणाले.

हे शिराझ मूळचे कुठले? नावावरून ते इराणच्या शिराझ शहरातले असावे, असा समज बरीच वर्षे होता. 1998 साली अमेरिकन व फ्रेंच संशोधकांनी डीएनए तपासून त्याचे आईबाप शोधले. मोंदूज ब्लांश हे पांढरे आणि ड्युरेझा हे काळे द्राक्ष, दोन्ही आग्नेय फ्रान्समधील. म्हणजे शिराझही तिथलेच. फ्रान्समध्ये त्याला 'सिरा' म्हणतात. आपल्याकडे नाशिक भागात त्याचे मळे आहेत.

त्याचा मणी लहान, साल काळीभोर, पण आतला गर फिका असतो. रस सालीसकट आंबवतात, म्हणून वाइनला गडद रंग आणि टॅनिनचा तुरटपणा येतो. तिला काळ्या मिरीसारखा वासही असतो, कारण मिरीतले रोटंडोन हे द्रव्य या द्राक्षातही असते.

मग हृदयाचे काय? फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारापासून वाचतात, ते रेड वाइनमुळे, असा गाजावाजा 1991 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरून झाला. सालीतील रेझव्हेरॅट्रॉलला श्रेय मिळाले. पण पेलाभर वाइनमध्ये ते अत्यल्प असते, आणि अल्कोहोल मात्र 12 ते 14 टक्के! जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही. मद्यामुळे कर्करोगाचा धोकाही वाढतो.

गुरुजींच्या बाबतीत काय घडले? उपाशीपोटी आपले यकृत रक्ताला साखर पुरवते. अल्कोहोल आले की यकृत ते निस्तरण्यात गुंतते व नवी साखर बनवणे मंदावते. त्यातच गोळी साखर उतरवत राहते. असा रोगी झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. मधुमेह्याला घाम, थरथर, बरळणे दिसले, तर तोंडाला वास असला तरी आधी साखर तपासावी. शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. वाइन औषध म्हणून सुरू करू नये. सालीचे गुण हवे असतील तर काळी द्राक्षे स्वच्छ धुऊन सालीसकट खावीत. मधुमेह्यांनी मात्र मोजकीच, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने.

गुरुजी आता हंगामात दहा-बारा मणी खातात आणि रोज सकाळी केजच्या रस्त्याने फिरायला जातात. हृदयासाठी या फिरण्याइतके स्वस्त औषध मला तरी ठाऊक नाही.