गोदामातला कुत्रा, लेप्टोची लस आणि आपला हिशोब

भिवंडीची गोदामे असोत, मालेगावचे कारखाने असोत की मुंबईत मस्जिद बंदरच्या गल्ल्या, ज्याचा माल रात्रभर कुलपात पडून असतो त्याच्या दारात एखाददुसरा कुत्रा असतोच. काहींनी तो रखवालीसाठी मुद्दाम ठेवलेला असतो. काहींच्या दारी तो आपण होऊन आलेला असतो आणि चौकीदाराच्या भाकरीत वाटेकरी झालेला असतो. रखवालीच्या कुत्र्याला शरीअतने मुभा दिलेली आहे आणि पाकीचे नियम आपणा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्या चर्चेत येथे शिरत नाही. प्रश्न खर्चाचा आहे. जनावरांचे डॉक्टर हल्ली रेबीजच्या सुईबरोबर ‘लेप्टोची पण द्या’ असे सांगतात आणि बिल वाढते. व्यापारी माणूस साहजिकच विचारतो, ही लस कशासाठी, तिचा फायदा कोणाला आणि नाही दिली तर नुकसान कोणाचे?

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मळसूत्रासारख्या पिळदार आकाराच्या अतिसूक्ष्म जंतूंमुळे हा आजार होतो. जर्मनीतील हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल या डॉक्टरांनी १८८६ साली त्याचे नीट वर्णन केले. (परळचे पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच साली सुरू झाले, हा निव्वळ योगायोग.) त्याचा जंतू सापडायला मात्र १९१५ साल उजाडावे लागले. तो जपानी संशोधकांनी शोधला. या जंतूचे मुख्य घर म्हणजे उंदीर-घुशींचे मूत्रपिंड. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, पण त्याच्या लघवीवाटे जंतू सतत बाहेर पडत राहतात. कोरड्या फरशीवर, उन्हात ते लवकर मरतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र कित्येक दिवस, कधी काही आठवडे जिवंत राहतात. तेथून ते पायाच्या भेगेतून, जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या त्वचेतून माणसाच्या वा जनावराच्या अंगात शिरतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे कोणी विसरलेले नाही. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने दवाखान्यांत येऊ लागले आणि हा शब्द प्रथमच घराघरांत पोहोचला. दक्षिण गुजरातेत सुरत, वलसाडकडच्या भात आणि ऊस पिकवणाऱ्या शेतमजुरांना तो त्याआधीच माहीत झाला होता. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो आजही डोके वर काढतो. साऱ्या जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो व त्यातले सुमारे ५९ हजार दगावतात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. यात जास्त भरणा शेतकरी, गटारे साफ करणारे, जनावरे सांभाळणारे आणि कसाई बांधव यांचा असतो. जनावराचे मूत्रपिंड उघड्या, कापलेल्या हातांनी हाताळणाऱ्याला धोका का असावा, हे वेगळे सांगायला नको.

आता कुत्र्याचा संबंध कोठे येतो? कुत्रा गोदामाच्या मागच्या गटारात तोंड घालतो, डबक्यातले पाणी पितो, मेलेला उंदीर उचलून आणतो. म्हणजे आपल्या आवारात सर्वांत आधी या जंतूची गाठ पडते ती त्याच्याशी. आजारी कुत्र्याला ताप येतो, तो खाणे सोडतो, उलट्या करतो, मागच्या पायांनी चालायला कुरकुरतो. आधी पाणी फार पितो व लघवी वाढते. पुढे मूत्रपिंडे बंद पडली की लघवीच थांबते. डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात. आमच्याच लाईनीतल्या एका गोदामात असा कुत्रा हळद-दूध पाजून चार दिवस ठेवला होता, पाचव्या दिवशी तो गेला. वेळेवर प्रतिजैविके आणि सलाईन मिळाले तर पुष्कळ कुत्रे वाचतात, पण ‘वेळेवर’ हा शब्द महत्त्वाचा. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, काही कुत्रे वरून ठणठणीत दिसतात आणि तरीही आठवडे, कधी महिने त्यांच्या लघवीतून जंतू जात राहतात. ज्या फरशीवर कुत्रा लघवी करतो तीच फरशी चौकीदार सकाळी अनवाणी पायांनी धुतो.

माणसासाठी या रोगाची लस काही थोड्या देशांत वापरली जाते, आपल्याकडे ती सर्रास मिळत नाही. कुत्र्यासाठी मात्र आहे. ती साधारणतः इतर रोगांच्या लसीबरोबर एकत्र येते, म्हणून दवाखान्यात तिला ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशी नावे पडली आहेत. या आकड्यांवर जाऊ नये, प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते. माल घेताना आपण जसा शिक्का पाहतो तसे येथे लेबल पाहावे. अनेक कंपन्यांच्या मालात दोन कुप्या असतात. एकीत डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची कोरडी भुकटी आणि दुसरीत द्रव. लेप्टोची लस त्या द्रवात असते. भुकटी जर साध्या पाण्यात कालवली तर सुई टोचली गेली, पैसेही गेले, पण लेप्टोची लस कुत्र्याच्या अंगात गेलीच नाही. नावाच्या शेवटी ‘एल’ अक्षर आहे की नाही आणि कोणती कुपी उघडली, हे विचारायला लाजू नये. दोन्ही कुप्यांची लेबले कार्डावर चिकटवून घ्यावीत.

‘एल’च्या पुढे २ किंवा ४ आकडा असेल तर त्याचाही अर्थ आहे. या जंतूच्या शेकडो जाती आहेत आणि लस ज्या जातींची असेल त्यांच्याविरुद्धच मुख्यतः काम करते. जुन्या लसीत दोन जाती, नव्या लसीत चार. आपल्या देशातल्या कुत्र्यांमध्ये या चारांबाहेरच्याही जाती आढळतात. म्हणून चारवाली मिळत असेल तर तीच घ्यावी आणि तरीही शंभर टक्के हमी समजू नये. आपण छत्री घेतो म्हणून पाय भिजत नाहीत असे थोडेच आहे!

लस देण्याची पद्धत अशी. पहिल्या वर्षी तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, त्यानंतर दरवर्षी एक. पहिला डोस देऊन दुसरा चुकवला तर पहिल्याचे पैसे जवळजवळ वाया गेले असे धरावे. कुत्रा लहान म्हणून अर्धा डोस देऊन बचत करणारेही भेटतात. हा व्यवहार खोटा आहे, छोट्या-मोठ्या सर्वांना पूर्णच डोस लागतो. लसीचा असर साधारण वर्षभर टिकतो. रेबीज किंवा डिस्टेंपरच्या काही लसी तीन-तीन वर्षे चालतात, तसे हिचे नाही. म्हणून ज्यांच्या कुत्र्याचे बाकीचे डोस पूर्ण झाले आहेत, त्यांनी मधल्या वर्षांत फक्त लेप्टोची कुपी वेगळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. मिळाली तर खर्च कमी होतो.

खर्चाचा ताळा

भाव शहरागणिक आणि दवाखान्यागणिक वेगळे आहेत, म्हणून येथे मी केवळ उदाहरणासाठी आकडे धरतो. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून हिशोब करावा. समजा एका डोसचे ८०० रुपये पडतात. पहिल्या वर्षी १,६०० आणि पुढे वर्षाला ८००, म्हणजे महिन्याला ७० रुपयेसुद्धा नाहीत. उलट बाजूला, कुत्रा आजारी पडला आणि आठ दिवस रोज दीड हजाराप्रमाणे सलाईन-औषधे झाली तर १२,०००, रक्ताच्या तपासण्या ३,०००, एकूण १५,०००. आता शंभर कुत्र्यांचा विचार करा. सर्वांना वर्षाची लस दिली तर ८०,००० रुपये. एवढ्या रकमेत पाच-सहा कुत्र्यांचा इलाज होतो. म्हणजे शंभरातले पाच-सहाहून जास्त कुत्रे वर्षाला आजारी पडत असतील तरच लस निव्वळ पैशाने स्वस्त पडते. तेही लस पूर्ण काम करते असे मानून.

हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण काही ठिकाणी लस अशी विकली जाते की जणू ती न घेणाराचा उद्याच तोटा होणार. ज्याचे दुकान पहिल्या मजल्यावर, रस्ता कोरडा, कुत्रा घराबाहेर जात नाही, त्याचा हिशोब वेगळा. ज्याचे गोदाम कामवारी नदीच्या काठाला आहे, पावसात गुडघाभर पाणी शिरते आणि गाठींच्या मागे घुशींनी बिळे केली आहेत, त्याचा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या जागेत मी लस देण्याच्या बाजूचा आहे. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेनेही २०२४ च्या आपल्या शिफारशींत, जेथे हा रोग नेहमी असतो तेथे लेप्टोची लस कुत्र्यासाठी आवश्यक लसींत धरली आहे.

शिवाय वरच्या ताळ्यात चौकीदार आलेलाच नाही. त्याला हा आजार होऊन मूत्रपिंडे बिघडली तर डायलिसिस, अतिदक्षता विभाग, महिनाभराचा खाडा, आणि गावाकडे त्याच्या पैशावर बसलेले घर. लसीमुळे कुत्र्याच्या लघवीतून जाणारे जंतू कमी होतात, हा त्या माणसाच्या वाट्याचा फायदा. कामावर ठेवलेला माणूस ही आपल्याकडे अमानत असते, आणि तिचा खर्च ‘कुत्र्याचे बिल’ या खात्यात धरणे योग्य नव्हे.

परंतु येथेच एक गैरसमज दूर करणे भाग आहे. माणसाला हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याकडून होत नाही, उंदरांमुळे आणि घाण पाण्यामुळे होतो. कुत्र्याला लस देऊन जो मालक बिळे तशीच ठेवतो, त्याने पुढचे दार लावले आणि मागचे उघडे टाकले. माझ्याकडे पैसा एकाच कामापुरता असेल तर मी तो आधी बिळे बुजवण्यावर, गाठी जमिनीपासून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवण्यावर आणि हमालांच्या गमबुटांवर घालीन. उंदीर गेला तर कापड कुरतडले जात नाही, हा नफा वेगळाच, आणि तो तर दर महिन्याला दिसतो. कुत्र्याचे उरलेले अन्न रात्रभर पडू देऊ नये, उंदीर त्यावरच पोसतात. कुत्र्याची जागा कोरडी ठेवावी, लघवीची फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवावी, धुणाऱ्याच्या हातात रबरी मोजे आणि पायात बूट असावेत. आजारी कुत्र्याच्या बाबतीत तर हे विशेष.

पुराच्या पाण्यातून चालावे लागलेल्या कामगाराला, विशेषतः पायाला जखम असेल तर, डॉक्टरांकडे पाठवावे. अशा वेळी मुंबई महापालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घेण्यास सांगते. गोळी आपल्या मनाने वाटू नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना वेगळे औषध लागते. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत सडकून ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर मलेरिया समजून बसू नये, ‘मी पाण्यात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. लवकर निदान झाले तर साध्या औषधांनी हा आजार बरा होतो.

दारी आलेल्या भटक्या कुत्र्याचे काय? महापालिकांच्या मोहिमेत नसबंदी आणि रेबीजची लस असते, लेप्टो नसते. असा कुत्रा वर्षानुवर्षे आपल्याच दारी राहात असेल आणि चौकीदाराच्या हाताने पकडला जात असेल तर आधी रेबीजची लस, कारण रेबीज झाल्यावर इलाजच नाही. त्यानंतर लेप्टो. जो आज येथे आणि उद्या तिसऱ्या गल्लीत, त्याच्यावर दोन डोसांचा खर्च करण्यात अर्थ नाही. गाळेवाल्यांनी मिळून एकाच दिवशी डॉक्टरांना बोलावले तर येण्याजाण्याची फी वाटून जाते. मात्र लस बर्फाच्या डब्यात आली आहे ना, हे पाहावे. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, गोठलेलीही चालत नाही.

मुहूर्त विचाराल तर एप्रिल. पहिला डोस एप्रिलच्या सुरुवातीला, दुसरा महिनाअखेरीस, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसापर्यंत असर तयार झालेला असतो. जुलैत पाणी भरल्यावर धावपळ करून त्या हंगामात फारसे हाती लागत नाही. सुई दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, क्वचित एखाद्या कुत्र्याचे तोंड सुजते. एखादा दिवस मरगळ किंवा सुईच्या जागी गाठ आली तर घाबरण्याचे कारण नाही. आणि पुढच्या वर्षीची तारीख, आग विझवण्याचा सिलिंडर भरण्याची तारीख ज्या वहीत लिहिता, त्याच वहीत लिहून ठेवावी.