मे महिन्यात लोणी का येत नाही?

परवा आईने विरजलेली साय मिक्सरमध्ये फिरवली. दहा मिनिटं झाली, नुसता फेस, लोण्याचा पत्ता नाही. "दूधवाला पाणी घालतोय, बदलूनच टाकू," आई म्हणाली. पण बिचाऱ्याचा दोष नव्हता, नागपूरच्या उन्हाचा होता. सायीतले स्निग्धाचे कण थोडे घट्ट असले, तरच घुसळताना एकमेकांना चिकटतात. ४५ अंशांत ते वितळतात अन् नुसते गोल फिरत राहतात. त्यात मिक्सरचं भांडंही तापतं. आजी उन्हाळ्यात पहाटेच माठातलं पाणी घालून रवी फिरवायची, ते यासाठीच. आम्ही साय तासभर फ्रीजमध्ये ठेवली, बर्फाचे चार तुकडे टाकले. लगेच गोळा वर! हिवाळ्यात मात्र उलटं, तेव्हा कोमट पाणी घालावं लागतं. निम्मं लोणी भाकरीवरच संपलं, उरलेलं कढवलं. बेरी मी साखर घालून खाल्ली, कुणाला विचारलं नाही.