वादळाला वाट देताना

अमेरिकेत सहलीला निघालेले कुटुंब पुष्कळदा आपले घरच बरोबर घेऊन निघते. निजण्याच्या खाटा, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर असा सारा संसार मावलेले ते मोटारघर. तिकडे त्याला 'आर. व्ही.' म्हणतात. मुक्कामाला खोली मिळेल की नाही ही विवंचना नाही, की मुलांनी परके अन्न पानात टाकल्याची तक्रार नाही! लेकाकडे वा लेकीकडे तिकडे गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांना अशा प्रवासाचा योग येतो. तेव्हा या सुखसोयींची दुसरी बाजूही ठाऊक असलेली बरी.

हे घर उंच आहे, लांब आहे आणि आकाराच्या मानाने हलके आहे. वारा आडवा आला की त्याची भिंत शिडासारखी होते. दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी एक बाजू धरा. ताशी ९० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याचा तिच्यावर एक टनाहून अधिक रेटा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट! घाटातल्या वळणावर आपले चालक जितके सावध असतात, तितकीच सावधगिरी येथे सरळसोट, सपाट रस्त्यावर बाळगावी लागते.

आता मे महिन्यातल्या एका दिवसाची कल्पना करा. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथून तुम्हांला ४० क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेला ओक्लाहोमा सिटी गाठायची आहे. अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. इंधन, जेवण, मुलांचे थांबे धरून मोटारघराला दहा तास सहज लागतात. शिवाय टेक्सासची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करावे लागते. म्हणजे प्रवासाचा एक तास नुसत्या काट्यांनीच खाल्ला.

या वाटेवरचे हवामान समजून घ्यायचे तर बंगालची कालबैसाखी आठवावी. छोटा नागपूरकडची तापलेली कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे यांची गाठ पडली की वैशाखातल्या दुपारी तेथे आभाळ फाटते. अमेरिकेच्या मैदानात हाच खेळ अधिक मोठ्या पटावर चालतो. मेक्सिकोच्या आखातातून बाष्पाने भरलेली हवा वर येते. नैर्ऋत्येकडच्या उंच, रुक्ष प्रदेशातून कोरडी हवा तिला भिडते. दोहोंमधल्या सीमेला तेथील शास्त्रज्ञ 'ड्राय लाइन', म्हणजे कोरडी रेषा, म्हणतात. दिवस चढेल तशी ती पूर्वेकडे सरकते, आणि तिसऱ्या प्रहरानंतर तिच्या आसपास पाहता पाहता मेघांचे मनोरे उभे राहतात. त्यांतून गारा पडतात, आणि क्वचित सोंडेसारखा टॉर्नेडो भूमीला टेकतो.

ओक्लाहोमातील नॉर्मन या गावी असलेले वादळ-अंदाज केंद्र दररोज पहाटेच धोक्याचा नकाशा प्रसिद्ध करते. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. चहा घेता घेता तो पाहावा, आणि तुमचा रस्ता रंगीत पट्ट्यातून जात असेल तर त्या पट्ट्यात दुपारी चार वाजता आपण कोठे असू, हा प्रश्न स्वतःला विचारावा. संध्याकाळचा सारा प्रसंग या एका प्रश्नावर ठरतो.

उत्तरे दोनच. एक तर पहाटे चारलाच निघून ढग उभे राहण्यापूर्वी मुक्काम गाठायचा. मुले बरोबर असली की हा बेत बहुधा कागदावरच राहतो. नाहीतर रेषेच्या पश्चिमेला, कोरड्या हवेत थांबून वादळाला पुढे जाऊ द्यायचे. 'वेग वाढवला तर मधूनच निसटू' हे तिसरे उत्तर सर्वांना सुचते आणि तेच घात करते. ही वादळे पुष्कळदा ईशान्येकडे वा पूर्वेकडे, समजा ताशी पन्नास किलोमीटरने जातात. तुम्हीही पूर्वेकडेच, पण दुप्पट वेगाने निघालेले. मग तुम्ही त्यांना मागून गाठणार! टॉर्नेडो बहुधा वादळाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात असतो, आणि पश्चिमेकडून येणाऱ्याची पहिली भेट त्याच कोपऱ्याशी व्हायची.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ याच महामार्गाच्या परिसरात जे घडले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्या संध्याकाळचा टॉर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद होता. याहून रुंद टॉर्नेडोची नोंद तोवर झालेली नव्हती. भीतीने घराबाहेर पडलेल्या लोकांच्या मोटारींनी रस्ते तुंबले. त्याच्या तडाख्यात सापडून मृत्यू पावलेले आठही जण वाहनांतले होते. टॉर्नेडोच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले टिम समारस, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी त्यांत होते. जाणत्यांची ही गत, तर खाटा आणि भांडीकुंडी घेऊन निघालेल्या कुटुंबाने वाऱ्याशी शर्यत का लावावी?

पुलाखाली गाडी लावावी असेही कोणी सुचवील. ते ऐकू नका. ३ मे १९९९ च्या टॉर्नेडोत ओक्लाहोमात तीन निरनिराळ्या पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तीन जण दगावले. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा उलट जोर धरतो आणि उडालेल्या वस्तू आत भिरकावतो.

मग कान उघडे ठेवायचे ते रेडिओकडे. सरकारी हवामान-रेडिओ अहोरात्र चालू असतो. त्यावर 'वॉच' म्हटले तर परिस्थिती वादळाला अनुकूल आहे. 'वॉर्निंग' म्हटले तर वादळ कोणी पाहिले आहे वा रडारवर दिसले आहे, आता आसरा गाठा. पण हा रेडिओ सहसा काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, नाव घेऊन बोलतो, आणि परक्या प्रवाशाला आपण कोणत्या काउंटीत आहोत याचा पत्ताच नसतो! शॅमरॉक व्हीलर काउंटीत, तर पुढचे एल्क सिटी बेकममध्ये. शेजारी बसलेल्याने नकाशा मांडीवर ठेवून ही नावे वाचत राहावे. चालकाने करण्याचे हे काम नव्हे.

टेक्सासच्या त्या उत्तर भागातील काही सरकारी विश्रांतिस्थानांत वादळापासून आश्रयासाठी भक्कम खोल्या बांधलेल्या आहेत. त्या कोठे आहेत हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे, कारण मोटारघर कितीही प्रशस्त असले तरी टॉर्नेडोत ते आसरा नव्हे.

तेव्हा दुपारी अमरिलोलाच थांबा. पुढचे ४२० किलोमीटर उद्यावर गेले तर जाऊ द्या. गाडीच्या बाजूचे कापडी छत गुंडाळून ठेवा. गॅसच्या टाकीची तोटी बंद करा. जवळची पक्की इमारत कोणती ते मुलांसह एकदा चालून पाहा. आभाळ निळे असताना हे सारे करताना थोडे हास्यास्पद वाटेल, शेजारचा प्रवासी तुमच्या डोळ्यांदेखत पुढे निघूनही जाईल. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. सूर्यास्तानंतर ती कोरडी रेषा पुष्कळदा पुन्हा पश्चिमेकडे सरकते आणि दमट हवा अमरिलोवर परत येते. म्हणून निजताना रेडिओ उशाशीच असावा.

रात्री जेवणे आटोपल्यावर दाराशी उभे राहून पूर्वेकडे पाहा. क्षितिजापाशी ढगांचे कडे क्षणोक्षणी आतून उजळत असेल. वीज शंभराहून अधिक किलोमीटरवरून दिसते. गडगडाट पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे सहसा पोचत नाही. त्यामुळे सारे निःशब्द वाटते, आणि मुले, हे किती दूर आहे, असे विचारत राहतात.