तांबटाचे कान

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे पेशवाईपासून तांब्याची भांडी घडतात. हंडा, घागर, बंब. पत्रा ठोकून भांड्याला आकार देतात. मग भांडे मठारतात. म्हणजे हातोडीने जवळजवळ ठोके मारतात. त्याने भांडे मजबूत होते. एका भांड्यावर शेकडो ठोके पडतात.

हा आवाज कानाला बाधतो. इटली देशात रामाझिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. सुमारे ३०० वर्षांपूर्वी त्यांनी व्हेनिस शहरातले तांबट पाहिले. हे कारागीर ठोक्यांच्या आवाजाने बहिरे होतात, असे त्यांनी लिहून ठेवले.

असे का होते? कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांहून बारीक तंतू असतात. आवाजाने ते हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येते. पिकात गुरे एकदा शिरली, तर पीक पुन्हा उभे राहते. रोज शिरली, तर ते तुडवले जाते. या तंतूंचे तसेच होते. आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपण म्हणतो. हे बहिरेपण मुंगीच्या पावलांनी येते, आणि जातच नाही. आधी बारीक आवाज जातात. पाखरांची किलबिल, लहान मुलांचे बोलणे. बोललेले ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. घरचे म्हणतात, "बाबा लक्षच देत नाहीत!"

खूण ओळखा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते का? मग तो आवाज घातक आहे. काम संपल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात का? कानात गुंईऽऽ वाजते का? हा इशारा समजा.

मग काय करावे? साधा कापूस पुरत नाही. कानात घालायची फोमची बोळी मिळतात. हात धुवा. बोळे बोटांत वळून बारीक करा. दुसऱ्या हाताने कान वर ओढा, बोळे आत सरकवा. ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. कामात अधूनमधून आवाजापासून दूर बसा. लहान मुलांना ठोक्यांजवळ बसवू नका. कानात तेल घालू नका. वर्षातून एकदा कान तपासून घ्या.

मळणी यंत्र आणि यंत्रमाग चालवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. फुटलेला हंडा तांबट सांधून देतो. गेलेला कान कोणी सांधून देत नाही.