यूएसबी दूरचित्रवाणी संग्राहक आणि लिनक्स : दोष शोधण्याची रीत

मोहर्लीसारख्या गावी संगणकावर दूरदर्शन दिसावे, ही अपेक्षा चैनीची नव्हे. ताडोब्याच्या जंगलालगत मोबाईलचे जाळे बेभरवशाचे असते. उपग्रहावरून येणाऱ्या शैक्षणिक वाहिन्यांना मात्र इंटरनेट लागत नाही. यूएसबी संग्राहक लिनक्स संगणकाला जोडूनही पडदा काळाच राहिला, तर दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम संग्राहकाचा प्रकार पाहावा. दूरदर्शनची भूप्रसारित डिजिटल सेवा २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद ही शहरे होती. तेव्हा भूप्रसारणाचा स्वस्त संग्राहक निर्दोष असला, तरी जंगलात त्याला काही सापडणार नाही. येथे उपग्रह संग्राहकच हवा.

यानंतर टर्मिनलवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत संग्राहक नसेल, तर केबल व वीजपुरवठा तपासावा. यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात. तबकडीवरील एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात. म्हणून अशा संग्राहकास बहुधा स्वतंत्र अॅडॉप्टर असतो आणि तोच जोडायचा राहून जातो.

यादीत नाव असेल, तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. फर्मवेअर सापडले नाही, असे तेथे लिहिलेले असल्यास ती फाईल योग्य जागी ठेवून उपकरण काढून पुन्हा जोडावे. प्रशासकाला चित्र दिसते, पण विद्यार्थ्याला दिसत नाही, असे असेल तर त्याचे खाते ‘व्हिडिओ’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे.

इतके करूनही वाहिन्या सापडल्या नाहीत, तर संगणक सोडून अंगणात यावे. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मोहर्लीतून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. उन्हाळ्यात निष्पर्ण सागातून मिळणारा संकेत पावसाळ्यात पानांआड अडतो. जोरदार सरींनीही तो क्षीण होतो. संकेत उत्तम असूनही एखादी वाहिनी दिसत नसेल, तर ती संकेतबद्ध असू शकते.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. कारण न शोधता नवे उपकरण आणले, तर शाळेचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. ही वही मोठ्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, असा आमचा आग्रह आहे. शिक्षक बदलून गेले, तरी पुढच्या मुलांना पडदा पुन्हा उजळता येईल.