नाव एकाचं, वाटा कुणाचा?

बँकेच्या काउंटरपाशी आलं की मराठी माणूस नकळत अर्धा इंग्रजी होतो. 'एफडी मोडायचीय', 'नॉमिनी लावायचाय' हे आजीबाईसुद्धा सहज बोलून जातात. त्यातल्या 'नॉमिनी' या शब्दाचं मी एक जुनं देणं लागतो.

गोष्ट १९९४ सालची. कोकणातल्या एका लहान शाखेत मी अधिकारी होतो. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला एक गुरुजी आले. पत्नी आधीच गेलेली. एक मुलगा, एक मुलगी. मी डीए-१ हा नॉमिनेशनचा फॉर्म पुढे केला आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "गुरुजी, तुमच्या माघारी पैसे कुणाला द्यायचे?"

"थोरल्याचं नाव घाला. तो जवळ राहतो, धावपळ तोच करील."

मी नाव घातलं. दोन वर्षांनी गुरुजी गेले. मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला, आम्ही पैसे दिले. नियमात सगळं चोख होतं.

सहा महिन्यांनी मुलगी आली. समोर बसली, पण बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "पैशासाठी नाही आले, साहेब. दादा म्हणतो, बाबांनी त्याचंच नाव लावलं होतं. मला एवढंच विचारायचंय, बाबा माझ्यावर रागावले होते का हो?"

मी गारच पडलो.

इंग्रजीत वारसाला 'एअर' म्हणतात. लिहिताना आरंभी 'एच' घालायचा आणि बोलताना गिळायचा. 'एअर' आणि 'नॉमिनी' या दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनात आहे. 'नोमेन' म्हणजे नाव. आपल्या 'नाम'शी त्याचं जवळचं नातं. नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव दिलंय तो, एवढंच. 'एअर' आला 'हेरेस'पासून. मालमत्ता ज्याच्याकडे हक्कानं जाते तो. एकाला आपण नेमतो, दुसऱ्याला कायदा ठरवतो. नॉमिनीच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते, पण त्यामुळे तो मालक होत नाही. ते पैसे त्यानं हक्कदारांसाठी सांभाळायचे असतात. मृत्युपत्र असेल तर वाटप त्याप्रमाणे. नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पुरुषाच्या मागे मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा वाटा सारखा.

सर्वोच्च न्यायालयानं हे विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये सांगितलं, बँकेतल्या ठेवींबाबत २०१० मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये. विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि आईवडील, पती-पत्नी, मुलं हे नॉमिनी असतील तर नियम वेगळा झाला. तेव्हा पॉलिसीचं स्वतंत्रपणे विचारून घ्यावं. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. मुदत ठेवीत कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. सोय वाढली, पण शब्दाचा अर्थ बदललेला नाही.

मी त्या मुलीला गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. धावपळ तोच करील, म्हणून नाव त्याचं. तुमचा वाटा आहे तिथेच आहे, हेही सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले. "रागावले नव्हते ना? मग झालं," म्हणाली आणि उठली. वाट्याचं पुढे एका अक्षरानंही विचारलं नाही.

चूक तिच्या दादाची होती, तशी माझीही होती. 'पैसे कुणाला द्यायचे?' असं विचारून मी नॉमिनीचा वारस करून टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी एकच प्रश्न विचारत आलो, "पैसे कुणाच्या हाती सोपवायचे?" लोक क्षणभर थांबत. त्या थांबण्यातच त्यांना फरक कळे.

आज रविवार आहे, मुलंबाळं घरी असतील. कपाटातल्या पावत्या काढा. नाव कुणाचं घातलंय ते बघा आणि का घातलंय ते सगळ्यांसमोर सांगून टाका. आपल्या माघारी ते सांगायला बँकेचा साहेब असेलच असं नाही.