पत्त्यांची वही आणि संगणकातील हेर

आमचे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात आहे. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. घरी पत्र आले की ते पोस्टमनकडूनच वाचून घ्यावे लागे. कुणाचा मुलगा मुंबईहून किती रुपयांची मनिऑर्डर पाठवितो, कुणाच्या मुलीचे सासरी कसे चालले आहे, हे सारे त्या पोस्टमनला ठाऊक असे. पण एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली असे कधी झाले नाही, असे आजोबा सांगत. ई-मेल आणि संगणक या विषयावर लिहिताना मला प्रथम त्या पोस्टमनची आठवण झाली. तिचे कारण पुढे येईलच.

गेल्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी एक मासिक पत्र ई-मेलने पाठवावयाचे ठरविले. शिष्यवृत्तीच्या तारखा, परीक्षेचे अर्ज, ग्रंथालयात आलेली नवी पुस्तके अशी माहिती त्यात असावी, हा हेतू. आमच्यातील बरेच जण दर्यापूर, मूर्तिजापूर, बडनेरा या बाजूंनी एस.टी.ने किंवा रेल्वेने अमरावतीला येतात. सूचनाफलकावरची सूचना त्यांना पुष्कळदा मुदत टळल्यावर दिसते. पत्ते गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी सोपा मार्ग धरला. एका कार्यशाळेच्या उपस्थितीपत्रकावर ७२ जणांचे ई-मेल पत्ते होते. ते उतरवून घेतले आणि सर्वांना पत्र पाठवून दिले. आभार दूरच राहिले, तक्रारी आल्या. "माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?" असे एका मुलीने विचारले, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. काहींनी पत्र न वाचताच ते 'स्पॅम' म्हणजे नको असलेली टपाल म्हणून नोंदविले. अशा नोंदी वाढल्या की ई-मेल सेवा त्या पाठविणाऱ्याकडे संशयाने पाहू लागते आणि ज्यांना पत्र हवे आहे त्यांच्याकडेही ते स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते. आमचे तसेच झाले.

ही चूक जगात फार जुनी आहे. संगणकांच्या जाळ्यावरून पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९७८ च्या मे महिन्यात, गॅरी थुर्क या अमेरिकन विक्रेत्याने संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना न विचारता पाठविली. तिलाच पहिले स्पॅम मानतात. तेव्हाही लोक संतापलेच होते.

मग आम्ही रीतसर सुरुवात केली. नियतकालिकाला वर्गणीदार असतात, तसेच ई-मेल पत्राचेही असतात. फरक इतकाच की येथे पैशांऐवजी संमती द्यावयाची असते. वर्गावर्गांत जाऊन आम्ही पत्र कोण पाठविणार, त्यात काय असणार आणि ते महिन्यातून किती वेळा येणार, हे सांगितले. ज्याने पत्ता दिला, त्याला आधी एक लहान पत्र पाठविले आणि "होय, मला हवे आहे" असे उत्तर आल्यावरच त्याचे नाव यादीत घातले. यामुळे चुकीचा लिहिलेला पत्ता किंवा दुसऱ्याने थट्टेने दिलेला पत्ता आपोआप गळतो. नाव आणि ई-मेल यांखेरीज काही विचारावयाचे नाही, हेही ठरले. जन्मतारीख, आधार क्रमांक आपल्याला लागतच नसतील, तर ते सांभाळण्याचे ओझे तरी का घ्यावे? प्रत्येक पत्राच्या तळाशी "नको असल्यास कळवा" ही ओळ टाकली आणि ज्याने कळविले त्याचे नाव त्याच दिवशी काढले. पत्ते नेहमी 'बीसीसी'च्या रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. 'सीसी'त घातल्यास सारी यादीच सर्वांच्या हाती पडते.

अशा रीतीने चार महिन्यांत ६१ नावे जमली. पहिल्या ७२ पेक्षा ती कमी होती, पण ही माणसे आमच्या पत्राची वाट पाहत. येथपर्यंत सारे ठीक झाले. यादी जमविणे हे अर्धेच काम आहे, हे मात्र आम्हाला माहीत नव्हते.

माझ्याकडे संगणक नाही. पत्र पाठविण्यासाठी मी शहरातील ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या एका दुकानात जात असे. एके दिवशी आमच्याच ई-मेल खात्यावरून, आमच्याच नावाने, यादीतील सर्वांना एक पत्र गेले. ते आम्ही लिहिलेले नव्हते. "शिष्यवृत्तीची यादी पाहण्यासाठी येथे दाबा" असे त्यात होते. दाबल्यावर मोबाइलमध्ये एक ॲप उतरत असे. आमच्या एका मैत्रिणीने पत्र घरच्या मोबाइलवर उघडून ठेवले होते. तिच्या आईने ते ॲप घेतले. त्याने मागितला तो कार्डाचा तपशील भरला आणि मागेल त्याला परवानगी दिली. बँकेकडून आलेला ओटीपी त्या ॲपने परस्पर वाचला. कापूस विकून ठेवलेल्या पैशांतील ९ हजार रुपये गेले. तक्रार दोन दिवसांनी झाली, पैसे परत आले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्या मावशी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमचं पत्र होतं म्हनून उघडलं ना बापा. मले काय मालूम?"

हे वाक्य मला अजून विसरता आलेले नाही.

आमचा पासवर्ड नेमका कोठे गेला हे सिद्ध करता येणार नाही, पण बहुधा तो दुकानातील संगणकातल्या 'स्पायवेअर'ने टिपला असावा. स्पायवेअर म्हणजे मालकाच्या नकळत संगणकात शिरून त्याच्यावर पाळत ठेवणारा प्रोग्राम. आपण कोणती कळ दाबतो, कोणता पासवर्ड लिहितो, कोणता संदेश येतो, हे टिपून तो दूरच्या माणसाकडे पोहोचवितो. नेहमीचा व्हायरस पाने खाणाऱ्या अळीसारखा असतो, नुकसान लगेच दिसते. स्पायवेअर गुलाबी बोंडअळीसारखा. अळी बोंडात शिरते, तिचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. फुटल्यावर कळते की आतली सरकी आणि रुई गेली. २०१७ च्या हंगामात आपल्या विदर्भाने हे सोसले आहे. मोबाइलवर हाच प्रकार लग्नपत्रिकेच्या रूपानेही येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीच्या एका शासकीय कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली अशी पत्रिका उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमावल्याची बातमी होती. ती पत्रिका नव्हतीच, ते 'एपीके' म्हणजे ॲपची फाइल होती.

उपाय अवघड नाहीत, सवयीचे आहेत. परक्या संगणकावर यादीचे खाते उघडू नये. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरे कुलूप राहते. संगणकाची अद्ययावत सुधारणा पुढे ढकलू नये, कारण जुन्या फटींतूनच हेर आत येतो. पेन ड्राइव्हवरून फुकट मिळालेले चोरीचे सॉफ्टवेअर टाकू नये. विंडोजमध्ये संरक्षक प्रोग्राम मुळातच असतो, तो बंद करू नये. मोबाइलमध्ये ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे, आणि संदेश वाचण्याची परवानगी मागणाऱ्या ॲपला "तुला ती कशाला हवी?" असे मनात विचारावे. कापसाची फरदड शेतात ठेवली की बोंडअळीला आसरा मिळतो. तसेच न वापरलेले ॲप, जुनी खाती आणि जुन्या याद्या वेळीच काढून टाकाव्यात.

तरीही घात झालाच, तर इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून पासवर्ड बदलावा आणि यादीतील प्रत्येकाला ताबडतोब खरे ते कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. यंत्र स्वच्छ करण्यासाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून मोफत साधने दिलेली आहेत.

हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कुणी समजू नये. दहावीनंतर शिक्षण सुटलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले आहेत असे दिसू लागले, तेव्हा संगणक शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. १९९० नंतरच्या त्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. आपल्याला तेवढे मोठे काम करावयाचे नाही. आपल्या हाती दिलेली नावे तेवढी सांभाळावयाची आहेत.

२०२३ साली संसदेने व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा गाभाही संमती हाच आहे. परंतु आमच्या गावच्या पोस्टमनला असा कोणताही कायदा कुणी वाचून दाखविला नव्हता. लोकांनी विश्वासाने दिलेले जपावयाचे असते, एवढे त्याला कळत होते. विचारून घेतो तो पत्रलेखक, न विचारता घेतो तो हेर. मात्र विचारून घेतलेलेही निष्काळजीपणे ठेवले, तर आपण हेराला दार उघडून देतो.

आमचे पत्र आम्ही दोन महिने बंद ठेवले. प्रत्येकाला घडले ते कळविले आणि पुन्हा संमती मागितली. ६१ पैकी ३८ जणांनी ती दिली. नव्या यादीत पहिले नाव त्या मैत्रिणीचे आहे. तिचा पत्ता तिच्या आईने सांगितला आणि मी समोर बसून लिहून घेतला.

— बी. ए. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी